दोन कृपलानी

शाळेत सामान्यज्ञानाच्या पुस्तकातली एक ओळ पाठ केली होती: भारताच्या पहिल्या महिला मुख्यमंत्री, सुचेता कृपलानी. गुरुजी तोंडी भर घालायचे, ‘आचार्य कृपलानींच्या पत्नी.’ त्या तीन शब्दांनी पुढची कित्येक वर्षं माझं काम सोपं केलं. नवरा काँग्रेसचा अध्यक्ष होऊन गेलेला, मग बायकोला लखनौची खुर्ची मिळाली यात नवल ते काय?

ही समजूत साध्या तारखांनी मोडली. ऑगस्ट १९६३मध्ये लोकसभेत नेहरू सरकारवर पहिला अविश्वास ठराव आला आणि तो मांडला आचार्यांनी. ६२ विरुद्ध ३४७ मतांनी तो पडला. त्यानंतर दीड महिन्याच्या आत, २ ऑक्टोबरला, सुचेताबाई नेहरूंच्याच काँग्रेसतर्फे उत्तर प्रदेशच्या मुख्यमंत्री झाल्या. आचार्य तर त्याच वर्षी अमरोह्याहून, म्हणजे उत्तर प्रदेशातूनच, काँग्रेसला हरवून लोकसभेत गेले होते. (आदल्या वर्षी उत्तर मुंबईत कृष्ण मेनन यांनी त्यांना पाडलं होतं.) वशिला लावायचा तर नवरा निदान त्या पक्षात तरी हवा!

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. नवऱ्याच्या विरोधात उभी राहिलेली बाई, असं सुचेताबाईंचं कौतुक जिथेतिथे सांगू लागलो. माझ्या आत्याने एकदा ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे तू पट्टी अजून नवऱ्यापाशीच धरलीयस की. आधी त्याच्या किती जवळ ते मोजत होतास, आता किती लांब ते मोजतोस.”

ते लागलं. मग आचार्यांना बाजूला ठेवून वाचायला घेतलं, तर ते पूर्ण बाजूला होईनात, आणि व्हायची गरजही नव्हती. सुचेता मजुमदार बनारस हिंदू विद्यापीठात शिकवत होत्या. वयाने वीस वर्षांनी मोठ्या असलेल्या आचार्यांशी लग्न करायचं त्यांनी ठरवलं, तेव्हा गांधीजींनीच विरोध केला; आपला उजवा हात जाईल ही त्यांची धास्ती. एकाऐवजी दोन कार्यकर्ते मिळतील, असं सुचेताबाईंनी गांधीजींना सुनावल्याचं सांगतात. १९३६मध्ये लग्न झालं. १९४२च्या आंदोलनात आचार्य तुरुंगात होते, तेव्हा या भूमिगत राहून काम करत होत्या. १९४६च्या दंगलींनंतर त्या नोआखालीत मदतकार्याला गेल्या. पुढे संविधान सभेतही होत्या.

१९५२ला नवी दिल्लीतून लोकसभेवर गेल्या, ते तिकीट आचार्यांच्या किसान मजदूर प्रजा पक्षाचं होतं, हे मान्य करायला हवं. पण १९५७ला त्याच मतदारसंघातून त्या काँग्रेसतर्फे जिंकल्या. पक्ष बदलला, तरी मतदारांनी बाई बदलली नाही.

पुरुष पुढारी वर आला की आपण विचारतो, हा कुणाच्या गटाचा? बाई वर आली की विचारतो, ही कुणाची कोण? सुचेताबाईंना पहिला प्रश्न विचारायला हवा होता. काँग्रेसच्या ज्येष्ठांनी सत्तेची पदं सोडून पक्षकार्याला लागावं, अशा कामराज योजनेत मुख्यमंत्री चंद्रभानू गुप्ता यांना पद सोडावं लागलं आणि कमलापती त्रिपाठींच्या गटाला शह द्यायला त्यांनी सुचेताबाईंना पुढे केलं. तेव्हा त्यांच्यावर सावली होती, ती गुप्तांची. अशा गटबाजीने पोखरलेल्या राज्यात त्या मार्च १९६७पर्यंत टिकल्या. मला हे अविश्वास ठरावाच्या योगायोगापेक्षा जास्त बोलकं वाटतं.

आणि मग तो संप. राज्य कर्मचाऱ्यांनी पगारवाढीसाठी ६२ दिवस काम बंद ठेवलं (पुन्हा ६२!). सुचेताबाई हटल्या नाहीत. शेवटी कर्मचारी कामावर परतले. खंबीर प्रशासक ही त्यांची ख्याती बरीचशी या संपावर उभी आहे. पण मुख्यमंत्री होण्याआधी याच बाईंनी राज्याचं कामगार खातं सांभाळलं होतं. त्यांनी इतकं ताणायला हवं होतं का? मी म्हणतो, तिजोरीत पैसा नसेल तर दुसरं काय करणार. आत्याची सारी उमर सरकारी कचेरीत गेलेली. ती संपवाल्यांच्या बाजूने भांडते.