गुरुसेवा की वेठ?

आता वारकऱ्यांच्या घरांतून पीएच.डी. करणारी मुले-मुली दिसू लागली आहेत. आजोबा माळकरी, वडील शेतकरी, आणि नात विद्यापीठात जनाबाईंवर किंवा कपाशीच्या किडीवर संशोधन करते आहे. मोठ्या आनंदाची गोष्ट आहे ही. पण दिंडीत विसाव्याला बसले की या आनंदाच्या जोडीला एक प्रश्नही कानावर येतो. गाईड सर अभ्यासाशी संबंध नसलेली कामे सांगतात. बँकेत जाऊन ये, मुलाला क्लासहून आण, माझ्या नावाने छापायचा लेख तू लिहून दे. पोरीने काय करावे? घरातून बहुधा उत्तर मिळते, "गुरूची सेवा समज आणि कर. वाया जात नाही ती."

असे सांगणाऱ्याची श्रद्धा खरी असते. तरीही हे उत्तर चुकीचे आहे असे माझे मत आहे, आणि ते आपल्या संतांच्याच चरित्राला धरून आहे.

ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात 'आचार्योपासना' या एका पदावर माउली किती बोलले आहेत, हे पारायण करणाऱ्यांना सांगायला नको. गुरूच्या घरचे सारे काही आपणच व्हावे, देह पडल्यावर त्याची मातीसुद्धा गुरूच्या चरणांखाली जावी, इथपर्यंत ती ओढ जाते. पण हे बोलते कोण? शिष्य. त्या साऱ्या वर्णनात गुरूची मागणी म्हणून काही नाही. उलट चौदाव्या अध्यायाच्या आरंभी गुरुस्तवन लांबू लागले, तेव्हा निवृत्तिनाथांनीच ते आवरायला सांगितले आणि ग्रंथाच्या अर्थाकडे वळवले. स्तुती पुरे, विषयावर ये! उत्तम मार्गदर्शकाचे हे पहिले लक्षण म्हणावे लागेल. निवृत्तिनाथ समोर श्रोता होऊन बसले आहेत, ऐकत आहेत, आणि बोलणे विषय सोडू लागले की त्याला परत जागेवर आणत आहेत. गाईडचे काम याहून फारसे वेगळे नाही. लिहिलेले वाचायचे आणि ते कुठे भरकटले ते दाखवायचे.

यापुढची गोष्ट मला अधिक मोठी वाटते. परंपरा सांगते की ज्ञानेश्वरी पूर्ण झाल्यावर निवृत्तिनाथ म्हणाले, ही गीतेवरची टीका झाली, आता तुझ्या स्वतःच्या अनुभवाचा ग्रंथ कर. आणि त्यातून 'अनुभवामृत' झाले. शके १२१२ मध्ये सिद्ध झालेला एवढा ग्रंथ गुरुकृपेच्या नावे अर्पण झालेला असताना, गुरूने त्यावर संतोष मानून थांबायला हरकत नव्हती. पण शिष्य आपल्या पायांवर उभा राहावा, ही त्या गुरूची निकड होती. माउलींनी श्रेय निवृत्तिनाथांना दिले, ते निवृत्तिनाथांनी घेतलेले नव्हते. दिलेले श्रेय आणि घेतलेले श्रेय यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

विद्यापीठांच्या जगात हे अंतर नेहमी पाळले जाते असे नाही, आणि हे आपल्याकडेच घडते असेही नाही. १९६७ साली इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठात जोसेलिन बेल नावाची एक विद्यार्थिनी पीएच.डी. करत होती. आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी टिपणारी दुर्बीण उभारायला ती स्वतः राबली होती. यंत्रातून कागदाच्या लांबच लांब पट्ट्या निघत आणि त्या ती डोळ्यांनी तपासत असे. एका पट्टीवर तिला बारीकशी, ओळखीची नसलेली खूण दिसली. तिने ती सोडली नाही. ती खूण म्हणजे पल्सार या नव्या प्रकारच्या ताऱ्याचा पहिला पुरावा ठरली. शोधनिबंधावर पहिले नाव तिचे मार्गदर्शक अँटनी ह्युइश यांचे आणि दुसरे तिचे लागले. १९७४ साली नोबेल मिळाले ते ह्युइश यांना आणि त्यांचे सहकारी मार्टिन राईल यांना. तिला नाही. तिने स्वतः कधी या निर्णयाविरुद्ध आवाज उठवला नाही. २०१८ मध्ये तिला तीस लाख डॉलरचा एक मोठा पुरस्कार मिळाला, तेव्हा ती सगळी रक्कम तिने भौतिकशास्त्र शिकू पाहणाऱ्या, संधी न मिळालेल्या विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी देऊन टाकली.

तिच्या मनाच्या मोठेपणाला नमस्कारच करावा. पण शिष्याने तक्रार केली नाही एवढ्याने गुरूकडचा हिशेब चुकता होत नाही. शिष्याचे समाधान ही शिष्याची कमाई असते. ती गुरूच्या खात्यात जमा करता येत नाही.

यावर कोणी म्हणेल, नाथमहाराज देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या घरी राबले नाहीत काय? राबले. हिशेबातली एका पैची चूक शोधत त्यांनी रात्र जागून काढली आणि ती सापडल्यावर आनंदाने टाळी वाजवली, ही कथा कीर्तनातून आपण ऐकतोच. पण त्या कथेत स्वामी काय म्हणतात तेही आठवावे. एका पैच्या चुकीपाठी एवढी एकाग्रता, तर हीच परमार्थाकडे लागली तर काय होईल! हिशेबाचे काम स्वामींना स्वतःच्या सोयीचे म्हणून मोलाचे वाटले नाही, त्यातून शिष्य घडत होता म्हणून वाटले. पुढे शके १५०६ मध्ये नाथांनी ज्ञानेश्वरीची पोथी शुद्ध केली, पाठ ताडून पाहिले, आणि त्यात कोणी आपली ओवी घालू नये अशी ताकीद दिली. दुसऱ्याचे ते दुसऱ्याचे, आपले ते आपले, हा संशोधनाचा पहिला नियम त्यांनी सव्वाचारशेहून अधिक वर्षांपूर्वी पाळला. ती नजर त्या रात्रीच्या हिशेबात तयार झाली असे मी मानतो.

शिवाय एक मोठा फरक आहे. जनार्दनस्वामींच्या हातात नाथांच्या विद्यावृत्तीच्या कागदावरची सही नव्हती. आजच्या गाईडच्या हातात ती असते. प्रगती अहवालावर त्याची सही, प्रबंध सादर करायला त्याची सही. विद्यार्थ्याची पाच-सहा वर्षे आणि घरच्यांची आशा त्या सहीला टांगलेली असते. अशा ठिकाणी कोणी आपणहून सरांची पिशवी उचलली, तर ती भक्तीने उचलली की भीतीने, हे बाहेरच्याला कळत नाही आणि कधीकधी उचलणाऱ्यालाही कळत नाही. म्हणून मला वाटते, मार्गदर्शकाने सेवा मागू नये हे तर झालेच, पण समोरून आली तरी घेऊ नये. निदान प्रबंध पूर्ण होऊन सहीचा अधिकार संपेपर्यंत तरी घेऊ नये. पुढे शिष्य भेटायला आला आणि पायावर डोके ठेवले, तर त्या नमस्काराला काही अर्थ आहे. आपल्याकडे पाया पडणाऱ्याच्याही पाया पडण्याची रीत आहे. कीर्तनकारही त्याला अपवाद नाही. ती रीत विद्यापीठात नेता आली तर बरेच प्रश्न सुटतील, पण तेवढे अंगी येणे कठीण.

याचा अर्थ गाईडने गोड बोलत राहावे असा नाही. गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन संतांची मडकी तपासली आणि नामदेवरायांना कच्चे ठरवले, तेव्हा ते लागलेच असणार. पण नामदेवरायांना त्यातून विसोबा खेचरांकडे जाण्याची वाट मिळाली. कच्चे आहे हे सांगणे आणि ते पक्के कुठे होईल हे दाखवणे, ही दोन्ही कामे एकत्र होतात तेव्हाच त्या ठोक्याला अर्थ येतो. आपल्याला न येणारा विषय असेल तर विद्यार्थ्याला दुसऱ्या जाणत्याकडे पाठवायला गाईडला कमीपणा वाटू नये.

नियमही आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार एवढेच पीएच.डी.चे विद्यार्थी घेता येतात. दर सत्रात विद्यार्थ्याने सल्लागार समितीपुढे आपले काम मांडायचे असते. लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी प्रत्येक विद्यापीठात अंतर्गत समिती असणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि मुलीला अवेळी किंवा एकटीने घरी बोलावणाऱ्या सरांबद्दल तिथे जायला संकोच करू नये. पण प्रकरण दिल्यावर ते किती दिवसांत मनापासून वाचावे, हे कोणत्या नियमाने ठरवणार? सहा-सहा महिने टेबलावर पडून राहिलेली प्रकरणे असतातच.

तेव्हा घरच्या वडीलधाऱ्यांना माझी विनंती एवढीच. पोरगी सुट्टीला आली, की सरांची किती सेवा केलीस हे तिला विचारू नका. गेल्या सहा महिन्यांत सरांनी तुझी किती पाने वाचली, हे विचारा.