मधली दोन सेकंदं

घाई नसेल अशा वेळी हे वाचा. एखाद्या परिच्छेदानंतर खिडकीबाहेर पाहत बसलात तरी बिघडत नाही. जिथं थांबा म्हणेन तिथं मात्र खरंच थांबा.

समजा, एक काम तुमच्याकडे आलं आहे. ज्यांचं संगीत रेडिओवर लागत नाही, लग्नात वाजत नाही, स्पर्धेत बक्षीस मिळवत नाही, अशा लोकांचं एक संकलन करायचं. तुम्ही चार जणांना सांगितलंत, त्यांनी आणखी चार जणांना, आणि हळूहळू ध्वनिमुद्रणं येऊन पडली. कुणी लोकलच्या डब्यातला पंखा अर्धा तास टिपला आहे. कुणी हार्मोनियमची एकही पट्टी न दाबता नुसता भाता मारत बसली आहे. एकाची गिटार जुळलेलीच नाही, आणि ती तशी मुद्दाम ठेवली आहे की त्याला जुळवताच येत नाही, हे कळायला मार्ग नाही. जागा थोडी आहे. रेकॉर्डच्या एका बाजूला वीसएक मिनिटं, तेवढीच दुसऱ्या बाजूला.

मनातल्या मनात पहिला तुकडा लावा. बहुधा नावड येईल. खांदे थोडे वर चढतील, बोट बटणाकडे जाईल. बोट तिथंच राहू द्या. नावडीला हाकलू नका आणि तिची समजूतही घालू नका. तिला एवढंच विचारा: हे वाईट आहे, की माझ्या ओळखीचं नाही? पहिल्यांदा ऐकताना उत्तर मिळत नाही, कारण दोन्हींची चुळबूळ अगदी सारखी असते. तिसऱ्या-चौथ्या वेळेला फरक दिसू लागतो. अनोळखीपणा ओसरतो. वाईटपणा आहे तिथंच राहतो, कधी जास्तच उघडा पडतो. म्हणून संकलन करणाऱ्याला चोखंदळ कानापेक्षाही बैठक जास्त लागते असं मला वाटतं. चोखंदळ लोक पहिल्या मिनिटातच उठतात.

इथं थोडं थांबा. ज्या संगीताला तुम्ही कधीतरी ‘हे काय संगीत आहे?’ म्हणाला होतात, ते आठवा. आता आवडतं की नाही, हा प्रश्न नको. नुसतं आठवा.

आता मन न्यू यॉर्कला, १९७८ च्या मे महिन्यात न्या. शहर दिवाळखोरीच्या काठावरून नुकतंच मागं सरकलेलं. मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाकडे जुन्या गोदामांतून चित्रकार राहताहेत, भाडं कमी आहे. तिथं ‘आर्टिस्ट्स स्पेस’ नावाच्या गॅलरीत पाच रात्रींचा कार्यक्रम ठरला. एकूण दहा बँड. त्यातल्या कित्येकांना वाद्यं रूढ अर्थानं येत नव्हती. ‘डीएनए’ या बँडच्या ड्रमवर बसलेल्या इकुए मोरी टोकियोहून आल्या होत्या आणि त्याआधी त्यांनी ड्रम वाजवलेले नव्हते. गिटार घेतलेल्या आर्टो लिंडसेंना कॉर्ड धरण्यात रस नव्हता, त्यांच्या हातात गिटार खरडली जायची, ओरबाडली जायची. अडाणीपणा तर होताच. पण तो निवडलेला अडाणीपणा होता. रॉकमधली सगळी सफाई ऐकून ऐकून कंटाळलेल्या लोकांचा.

संगीतकार-निर्माते ब्रायन ईनो त्या सुमाराला ‘टॉकिंग हेड्स’ या बँडच्या अल्बमच्या कामासाठी शहरात होते. त्यांनी हे ऐकलं आणि हे टिपून ठेवलं पाहिजे असं त्यांच्या मनानं घेतलं. त्याच वर्षी ‘नो न्यू यॉर्क’ ही रेकॉर्ड निघाली. चार बँड, प्रत्येकाचे चार तुकडे, एकूण सोळा. गाण्यांचे शब्द आतल्या कागदी पाकिटाच्या आतल्या बाजूला छापलेले, म्हणजे वाचायचे तर पाकीट फाडावं लागणार. (हा खट्याळपणा मला रेकॉर्डवरच्या काही तुकड्यांपेक्षाही जास्त आवडतो.)

चार बँड म्हणजे ‘कंटॉर्शन्स’, ‘टीनेज जीझस अँड द जर्क्स’, ‘मार्स’ आणि ‘डीएनए’. हे चारही शेवटच्या दोन रात्री वाजवणारे. शुक्रवारी दोन, शनिवारी दोन.

थांबा, आणि पहिल्या तीन रात्रींकडे बघा.

त्या रात्रीही लोक वाजवत होते. स्पीकर तेच, भिंती त्याच, समोर बसलेले चेहरेही बरेचसे तेच. ‘थिऑरेटिकल गर्ल्स’ होते, त्यात ग्लेन ब्रँका होते. रिस चॅटम होते. चारच बँड घेतल्याचा राग पुढं बराच काळ धुमसत राहिला. ब्रँका आणि चॅटम यांनी विजेच्या गिटारींचे मोठाले ताफे घेऊन नंतर स्वतंत्र वाट काढली, त्यांचं कुणावाचून अडलं नाही. पण सगळेच काही ब्रँका नसतात. आज ‘नो वेव्ह’ (या सगळ्याला पुढं हेच नाव पडलं) म्हटलं की माणूस आधी ती सोळा तुकड्यांची रेकॉर्ड काढतो आणि त्या काळाचा आवाज तोच होता असं धरून चालतो. एका माणसाची निवड पाहता पाहता काळाची हकीकत होऊन बसते. ईनोंनी इतिहास लिहितो असं कुठं म्हटलं होतं? त्यांनी एक रेकॉर्ड काढली, एवढंच. तरी ते घडलं, आणि तुमच्याही हातून घडेल. संकलन लहान आहे, प्रती थोड्या आहेत, ही सबब इथं चालत नाही. उलट प्रती थोड्या असल्या की तेवढाच पुरावा मागं राहतो.

हे जड वाटत असेल तर श्वास मोकळा सोडा. पुढचं काम हातांचं आहे.

निवडलेले तुकडे आता ओळीनं लावायचे. रेकॉर्डवर हा क्रम नुसता मनाचा कौल नसतो. तबकडी मिनिटाला तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे एकाच गतीनं घेते, पण बाहेरच्या कडेला एका फेऱ्यात सुईखालून बरीच लांब खाच जाते आणि लेबलाजवळ येता येता ती निम्म्याहून कमी होते. तेवढ्याच वेळाचा आवाज थोड्या जागेत दाटीवाटीनं बसतो आणि वरच्या पट्टीतले बारकावे बोथट होतात. म्हणून झणझणीत, धारदार काही असेल तर ते बाजूच्या सुरुवातीला ठेवतात आणि मंद, खालच्या स्वरांचं काही शेवटाकडे. मागं शांतपणे वाजणाऱ्याला वाटत राहतं की आपल्याला मागं ढकललं. त्याला समजावून सांगा.

मग आवाजाची पातळी. एकीनं चांगल्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण केलं आहे, दुसऱ्यानं न्हाणीघरात मोबाइलवर. शेजारी ठेवले की दुसरा भेदरल्यासारखा वाटतो. त्याचा आवाज वाढवाल तर मागची खरखरही वाढते. खरखर काढाल तर तिच्याबरोबर न्हाणीघरही जातं, आणि न्हाणीघरच तर त्याच्या तुकड्यात ऐकण्यासारखं होतं. मी असतो तर खरखर ठेवली असती. तुमचं तुम्ही ठरवा, पण त्याला विचारून.

आता दोन तुकडे मनात घ्या, पंख्याचा आणि भात्याचा. आधी पंखा लावा, मग भाता. भात्यात तुम्हाला पंख्याची पाती ऐकू येतील. उलटं करून बघा. आता पंखा धापा टाकतोय. दोघांपैकी कुणीही काही बदललेलं नाही. शेजार बदलला. यापेक्षा जास्त ढवळाढवळ संकलन करणाऱ्यानं करू नये असं माझं मत आहे, आणि एवढीसुद्धा पुष्कळ आहे.

दोन तुकड्यांच्या मधे काय ठेवाल? घरी सीडी लिहायचो त्या काळात सॉफ्टवेअर आपण होऊन दोन सेकंदं घालायचं. संपूर्ण संकलनात तुमचं स्वतःचं असं तेवढंच. बाकी सगळं दुसऱ्यांचं. त्या दोन सेकंदांत जाऊन बसा. तिथं काही नाही असं वाटेल. बसून राहा.

२९ ऑगस्ट १९५२ ला, न्यू यॉर्क राज्यातल्या वुडस्टॉकजवळच्या एका लाकडी सभागृहात डेव्हिड ट्यूडर पियानोसमोर बसले. त्यांनी पियानोचं झाकण लावलं, स्टॉपवॉच सुरू केलं आणि काहीही वाजवलं नाही. तीन भागांत मिळून चार मिनिटं तेहतीस सेकंदं. रचना जॉन केज यांची. लोकांना वारा ऐकू आला, छपरावरचा पाऊस ऐकू आला, मग एकमेकांची कुजबुज आणि उठून जाणाऱ्यांची पावलं. त्याच्या सहा वर्षं आधी, १९४६ मध्ये, अहमदाबादच्या गीता साराभाई न्यू यॉर्कला गेल्या होत्या. त्यांनी केज यांना भारतीय संगीत शिकवलं आणि त्यांच्याकडून पाश्चात्त्य संगीत शिकून घेतलं. संगीत कशासाठी, असं केज यांनी विचारल्यावर त्यांनी आपल्या गुरूंचं म्हणणं सांगितलं: मन निवांत व्हावं आणि वरून जे उतरतं ते घ्यायला ते मोकळं राहावं, यासाठी. केज ते जन्मभर सांगत राहिले.

धागा इथं तुटत नाही. तेच ट्यूडर १९६९ मध्ये अहमदाबादला आले आणि राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ त्यांनी उभा करून दिला. तिथं गीता साराभाईंनी काम केलं, तसंच अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा यांनी. देशात सिंथेसायझर म्हणजे काय हे फारसं कुणाला ठाऊक नसताना हे लोक तारा जोडत, टेप कापत, परत चिकटवत बसले होते. माथुर यांच्या एका रचनेचं नावच ‘वन्स आय प्लेड अ तानपुरा’ असं आहे. तीनेक वर्षांत ते थंडावलं आणि रिळं संस्थेच्या संग्रहात पडून राहिली. लंडनचे कलावंत-संगीतकार पॉल पुर्गस यांना ती जवळजवळ अर्ध्या शतकानंतर सापडली. त्यांतून निवडलेलं ‘द एनआयडी टेप्स’ हे संकलन २०२३ मध्ये बाहेर आलं.

या लोकांनी संकलनासाठी म्हणून काही केलं नव्हतं. एकमेकांशेजारी आपली मांडणी होईल, पहिला कोण आणि शेवटचा कोण हे ठरेल, याची त्यांना कल्पना नव्हती. काहींना ते नुसते सरावाचे प्रयोगही वाटले असतील. अर्धवट ठेवलेला प्रयोग पन्नास वर्षांनी जगासमोर ठेवावा का? मला वाटतं, ठेवावा. संग्रहात पडून राहणं ही काही तटस्थ अवस्था नाही. टेप झिजते. गुंडाळलेल्या टेपेवर एका थरातलं चुंबकत्व शेजारच्या थरावर उमटतं, म्हणून जुन्या रिळांत कधी कधी मोठा आवाज सुरू होण्याआधीच त्याची पुसट सावली ऐकू येते. रीळ पडून राहिलं तरी आत काहीतरी चालूच असतं. पण ‘हा प्रयोग होता’ हे वेष्टनावर लिहायला हवं, आणि उत्कृष्ट तेवढंच वेचण्याचा मोहही थोडा आवरायला हवा. चाचपडणं काढून टाकलं की मागं उरतात ते एकदम सिद्ध झालेले पूर्वज, आणि असे पूर्वज कुणाच्या उपयोगाचे नसतात.

एक वेगळा मार्गही होता. १९७९ मध्ये लंडनच्या ‘नर्स विथ वूंड’ या गटानं आपल्या पहिल्या रेकॉर्डबरोबर २९१ नावांची एक यादी छापली. कोण, कुठले, काय वाजवतात, काही नाही, नुसती नावं. रेकॉर्डच्या प्रती पाचशे. त्या यादीवरून लोकांनी वर्षानुवर्षं दुकानं पालथी घातली. कुणालाही शेजारी बसवलं नाही, कुणाचा आवाज कमीजास्त केला नाही. मला हे मोहक वाटतं, आणि थोडं पळपुटंही. क्रम लावायची वेळच त्यांनी स्वतःवर येऊ दिली नाही.

तुमच्यावर ती आली आहे. यादी समोर घ्या. जे आत आहेत त्यांच्यावरून एकदा नजर फिरवा आणि त्यांना सोडा. त्यांना प्रती मिळतील, बहुतेक मानधनाऐवजी प्रतीच मिळतील, कारण अशा कामात पैसे सहसा नसतात. आता जे बाहेर राहिले त्यांच्यापाशी या, एकेकापाशी. ‘दर्जा कमी होता’ असं मनात आलं तर तो तुकडा परत लावा आणि शेवटपर्यंत ऐका. खरं कारण बहुधा निराळंच निघतं. बारा मिनिटांचा होता, आणि तेवढी जागा नव्हती. किंवा त्याच्यासारखाच दुसरा आधी आला. किंवा कुणाशेजारीही ठेवला तरी तो शेजाऱ्याला गिळून टाकत होता. कारण सापडलं की ते जसंच्या तसं कागदावर उतरवा, गुळगुळीत करू नका. खाली ज्याचा तुकडा आहे त्याचं नाव घाला, पत्ता घाला आणि आजच पाठवा. त्याला पुढचं काहीतरी करायचं असेल.