समोर बसण्याची किंमत

मुंबईत चाललेल्या एका फौजदारी खटल्यातला महत्त्वाचा साक्षीदार न्यूयॉर्कमधला कर्करोगतज्ज्ञ होता. साक्ष द्यायला तो तयार होता, भारतात यायला मात्र तयार नव्हता. पुरावा आरोपीच्या उपस्थितीत नोंदवावा, असे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम २७३ सांगत असे. पडद्यावरची भेट ही उपस्थिती मानायची का? मुंबई उच्च न्यायालय नाही म्हणाले. १ एप्रिल २००३ रोजी, महाराष्ट्र शासन विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती मानता येते असा निर्णय दिला.

चौदा वर्षांनी त्याच न्यायालयासमोर पडद्याचाच प्रश्न वेगळ्या रूपात आला. नवरा एका शहरात, बायको दुसऱ्या शहरात. मग कौटुंबिक न्यायालयातला वाद व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने चालवावा का? मार्च २०१७ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठाने तशी वाट सुचवली होती. ९ ऑक्टोबर २०१७ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दोन विरुद्ध एक अशा मताने ती अडवली. समेटाचे प्रयत्न चालू असेपर्यंत पडदा नको. ते फसल्यावर दोघांचीही संमती असेल, तर न्यायालयाने विचार करावा, असे ठरले.

हे दोन निकाल मला परस्परविरोधी वाटत नाहीत. साक्षीदाराला जे सांगायचे आहे ते घडून गेलेले असते. ते नीट पोचले आणि उलटतपासणी झाली की काम झाले. समेटात सांगण्यासारखे तयार काहीच नसते. तो झालाच, तर त्या बैठकीतच होतो. जे आधीच ठरलेले आहे ते पोचवायला पडदा पुरतो. जे भेटीतूनच ठरायचे आहे, त्यासाठी समोरासमोर बसावे लागते.

यात भावुकता नाही. दहा भाषांतल्या संभाषणांच्या २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होण्यात सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागाइतकेच अंतर पडते. पडद्यावर आवाज पोचायला होणारा उशीर नेमका या अंतरावर आघात करतो. समोरचा विचार करतोय, दुखावलाय की फक्त नेटवर्क अडखळलेय, हे कळत नाही. पडद्यावरच्या चेहऱ्याकडे पाहिले तर नजर कॅमेऱ्याकडे राहत नाही, आणि कॅमेऱ्याकडे पाहिले तर चेहरा दिसत नाही. आधीच एकमेकांवर अविश्वास असलेल्या दोघांत अशा प्रत्येक अडखळण्याचा अर्थ वाईटच लावला जातो.

शिवाय न्यायालयातली भेट सुनावणीपुरती नसते. पुकारा होईपर्यंत बाहेरच्या बाकावर बसावे लागते. मूल आईकडून बापाकडे जाते. वकील बाजूला झाल्यावर एखादे वाक्य सहज निघते. पडद्यावर ठरलेल्या वेळी जोडणी होते आणि ठरलेल्या वेळी तुटते. हा सगळा रिकामा वेळ गळून पडतो. गोपनीयतेचाही प्रश्न उरतो. कौटुंबिक न्यायालय अधिनियम, १९८४ च्या कलम ११ प्रमाणे पक्षकाराने मागणी केल्यास सुनावणी बंद दाराआड घ्यावी लागते. पलीकडच्या खोलीत कॅमेऱ्यामागे कोण उभे आहे, कोण खुणा करते आहे, हे न्यायाधीशाला कसे दिसणार?

तरीही २०१७ च्या निकालातले न्या. धनंजय चंद्रचूड यांचे अल्पमत मी बाजूला ठेवू शकत नाही. तंत्रज्ञानाचे दार सरसकट बंद करण्याला त्यांनी विरोध केला. हजर राहण्याची किंमत दोघांना सारखी पडत नाही, हे आपण सारे जाणतो. माहेरी परतलेल्या, तुटपुंजी कमाई असलेल्या, कडेवर मूल असलेल्या बाईला प्रत्येक तारखेला परगावी जायचे म्हणजे भाडे, बुडालेली मजुरी आणि सोबतीला भाऊ हवा. आणि ज्याने मारहाण केली त्याच्यासमोर बसणे हा संवाद नव्हे, ती पुन्हा एकदा दिलेली शिक्षा आहे. लैंगिक अत्याचार झालेल्या मुलांना आरोपीचा चेहरा दिसू नये यासाठी पडद्याची किंवा तत्सम व्यवस्था करावी, असे सर्वोच्च न्यायालयानेच २००४ मध्ये सांगितले. तिथे अंतर हेच संरक्षण आहे.

म्हणून प्रत्यक्ष भेट श्रेष्ठ, एवढे म्हणून थांबणे अपुरे आहे. भेटीचे गुण सांगणाऱ्याने तिच्या खर्चाबद्दलही बोलले पाहिजे. समेटासाठी दोघांनी एकत्र बसावे असे आपल्याला खरोखर वाटत असेल, तर त्या बसण्याचा भार दुबळ्या बाजूवर टाकता येणार नाही. हिंदू विवाह अधिनियमाचे कलम २४ दाव्याच्या खर्चाची तरतूद करते. प्रवासखर्चाचा आदेश पहिल्याच तारखेला व्हावा. न्यायालयात मुलांसाठी खोली असावी, समुपदेशकाला एका जोडप्यासाठी पुरेसा वेळ मिळावा. ज्या बाजूला भीती आहे तिला समोर न येण्याचा हक्क असावा, आणि तो वापरल्याबद्दल तिच्या प्रामाणिकपणावर शंका घेतली जाऊ नये. तारीख बदलणे, कागद दाखल करणे, औपचारिक जबाब ही कामे मात्र खुशाल पडद्यावर व्हावीत. त्यासाठी कुणाला रात्रभर एसटीत बसवणे अन्यायाचे आहे.

पडदा स्वस्त आहे म्हणून तो सगळीकडे लावणे सोपे आहे. प्रत्यक्ष भेट महाग आहे, आणि जिथे तिच्यावाचून चालत नाही तिथे ती सर्वांना परवडेल अशी करणे हे न्यायव्यवस्थेचे काम आहे.