आधी मागणे, मग सोपवणे

गेथशेमाने बागेत त्या रात्री प्रभू येशूने पित्याजवळ पहिले मागणे मागितले ते दुःख टळावे म्हणून. मत्तयाच्या शुभवर्तमानात, २६व्या अध्यायात, हा प्रसंग आहे. जीव कासावीस झाला होता, सोबत आणलेले शिष्य झोपी गेले होते. त्याने मनातले काही लपवले नाही. दुःखाचा प्याला दूर व्हावा हे आधी मागितले, मग आपली इच्छा पित्याच्या इच्छेवर सोपवली. तीनदा उठून पाहिले, तीनदा तेच मागितले.

दुःख स्वीकारायचे म्हणजे ओठ मिटून सोसायचे, अशी आपली समजूत असते. मंडळीत एखादी आई डोळे पुसत बसली, तर तिच्या विश्वासाबद्दल कुजबुज सुरू होते. पण स्तोत्रसंहिता उघडून पाहा, पानोपानी गाऱ्हाणी आहेत. ऐकणारा कोणी आहे, असे मानणाराच गाऱ्हाणे मांडतो. ज्याचा विश्वास उडाला, तो गप्प होतो.

बागेतला प्याला टळला नाही. पण जमिनीवर पालथा पडून विनवणारा येशूच पुढे उठून, धरायला आलेल्यांना सामोरा गेला. प्रार्थनेने परिस्थिती पालटली नाही, तिला सामोरे जायचे बळ दिले.

पंडिता रमाबाईंचे आयुष्य या संदर्भात आठवावे. तरुणपणीच दुष्काळाच्या दिवसांत आई, वडील आणि बहीण गेली. मग भाऊ गेला. लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती, तोच १८८२ मध्ये पती गेले. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणून दुःख थांबले असे नाही. १९२१ मध्ये एकुलती एक लेक मनोरमा गेली. तरीही बायबलच्या मराठी भाषांतराचे काम त्यांनी खाली ठेवले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूमध्ये निजल्या.

स्वतःचे दुःख रमाबाईंनी प्रभूच्या हाती दिले. दुसऱ्याची उपासमार मात्र देवाची इच्छा म्हणून त्यांनी पाहत बसून स्वीकारली नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, निराधार मुली आणि विधवांना घेऊन आल्या आणि केडगावच्या मुक्ती सदनात त्यांना आसरा दिला. स्वीकार हा आपल्या वाट्याच्या दुःखाचा करायचा असतो. तो शेजाऱ्याला शिकवायचा धडा नव्हे.

तेव्हा आज सकाळी गुडघे टेकाल, तेव्हा जे हवे ते मोकळेपणाने मागा. उत्तर आले नाही तर उद्या पुन्हा मागा, आणि रोज शेवटी ते पित्यावर सोपवा. मग उठा, आणि कोणाला धीर धरा असे सांगण्याआधी त्याच्या घरी चूल पेटली आहे का ते पाहून या.