पडले नाही, बसले

पुण्यातल्या एका परिसंवादात आमच्या एका स्नेह्यांनी (आमची खडाखडी जुनीच) छातीठोकपणे सांगितलं, की म्हातारी माणसं डॉक्टरशी खोटं बोलतात, यंत्रमानवाशी बोलत नाहीत. तेव्हा दवाखान्यातली चौकशी त्याच्याकडे सोपवून मोकळं व्हावं. टाळ्या पडल्या. मी या अंकासाठी वेगळाच विषय कबूल केला होता. तो राहिला.

स्नेह्यांपाशी पुरावा होता, हे मान्य. नेदरलँड्समधल्या राडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी वयस्कर अशा 42 जणांना तब्येतीचे प्रश्न एकदा नर्सकडून आणि एकदा 'पेपर'कडून विचारले. पेपर म्हणजे चार फुटी पांढरं बाहुलं, मोठे डोळे, छातीवर टॅबलेट. त्याला वेळ थोडा जास्त लागला. पण 39 मुलाखती त्याने कुणाच्या मदतीवाचून पुऱ्या केल्या. हे 2019 साली छापून आलं. छान. आता त्या प्रश्नावलीला "बरं आहे" असं उत्तर देऊन बघा. एक ते पाचमधला कुठला आकडा धरायचा? आपल्याकडे "बरं आहे" म्हणजे दाराला आतून लावलेली कडी.

माझी आई ब्याऐंशी वर्षांची. गेल्या पावसाळ्यात डॉक्टरांनी विचारलं, "आजी, सहा महिन्यांत कधी पडलात का?"

"नाही हो."

दंड काळानिळा झालेला. डॉक्टरांनी तो हलकेच दाबला, तशी म्हणाली, "पडले नाही. न्हाणीत जरा बसले." डॉक्टर हसले आणि कागदावर 'पडल्या' असं लिहिलं. पडणं वेगळं, बसणं वेगळं. पडणाऱ्या बाईचं सकाळचं देऊळ बंद होतं, स्टुलावर चढून डबा काढणं बंद होतं. पेपरने 'नाही'वर खूण करून पुढचा प्रश्न विचारला असता. वाद इथेच जिंकलो, असं मला वाटलं.

शिवाय माझ्याकडे हुकमाचा एक्का होता: जोसेफ वायझेनबाउम. तेरा वर्षांचा असताना, 1936 साली, हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडलेला हा मुलगा पुढे एमआयटीत प्राध्यापक झाला. संगणकाशी टंकून गप्पा मारता याव्यात म्हणून त्याने केलेला 'एलायझा' हा प्रोग्राम 1966 साली प्रसिद्ध झाला. नाव शॉच्या 'पिग्मॅलियन'मधलं. म्हणजे पुलंच्या फुलराणीची ही सख्खी बहीण. पण मंजुळेला समोरच्याचं बोलणं कळायचं, एलायझाला एक अक्षर कळत नव्हतं. तुमचंच वाक्य उलटं फिरवून ती प्रश्न करायची. वायझेनबाउमच्या सेक्रेटरीने हे सगळं महिनोन् महिने जुळताना पाहिलं होतं. तरी चार वाक्यं टंकून झाल्यावर ती त्याला म्हणाली, तुम्ही जरा बाहेर जाता का? तो हादरला. काही कामं संगणकाला जमली तरी त्याला देऊ नयेत, हे सांगायला त्याने 1976 साली अख्खं पुस्तक लिहिलं. मी वीस वर्षं व्याख्यानांतून हा किस्सा सांगत आलो आहे. बघा, बाई कशी फसली!

परवा पुस्तक पुन्हा उघडलं. वायझेनबाउम लिहितो, की एलायझाशी रात्रभरात झालेली सगळी संभाषणं तपासता येतील अशी सोय करावी, असं त्याने सुचवलं, तर लोक खवळले. आमच्या मनातलं चोरून वाचता? हा परिच्छेद मी वीस वर्षं ओलांडून जात होतो. बाई फसली नव्हती. यंत्र आतून कसं आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिला फक्त खोलीत माणूस नको होता.

गेल लुकस आणि सहकाऱ्यांचा 2014 सालचा अमेरिकेतला प्रयोगही हेच सांगतो. पडद्यावरची आभासी मुलाखतकार सगळ्यांना एकच. मात्र काहींना सांगितलं, ही आपोआप चालते. काहींना सांगितलं, मागे माणूस बसलाय. मागे कुणी नाही असं समजणारे जास्त मोकळे झाले. म्हणजे स्नेही निम्मे तरी बरोबर. लिहिताना जिवावर येतंय.

निम्मेच. कारण दवाखान्यातल्या यंत्रमानवाच्या मागे माणूस असतोच. उत्तर फायलीत जातं, फाइल डॉक्टरकडे, डॉक्टरांकडून गोष्ट मुलाकडे. कुणी ऐकत नाही म्हणून माणूस खरं बोलणार, आणि विचारणारा विचारतो ते कुणीतरी ऐकावं म्हणूनच. ही मेख आईच्या ध्यानात यायला दोन भेटी पुरतील.

तिने खरं सांगितलं होतं ते भांडी घासायला येणाऱ्या मावशींना. एकदा नव्हे, तीनदा पडली होती. "याच्या कानावर घालू नकोस," असं बजावलंही होतं. मावशींना राहवलं नाही. त्याच संध्याकाळी मी सुताराला बोलावून न्हाणीची आतली कडी काढून टाकली.

हल्ली मावशींनी विचारलं तरी आई म्हणते, "बरं आहे."