अकृत ऋणाचा इन्कार

‘मागल्या जन्मीचे देणे असेल, फेडून टाकू,’ हे वाक्य मराठी घरांत इतक्या सहजपणे उच्चारले जाते की, त्यात एक अख्खे तत्त्वज्ञान गृहीत धरलेले आहे याची जाणीव बोलणाऱ्यालाही सहसा नसते. अमेरिकेत न्यू जर्सी येथे आपल्या कन्येकडे राहावयास गेलेल्या एका निवृत्त शिक्षक स्नेह्यांच्या पत्रात हेच वाक्य मला अलीकडे वाचावयास मिळाले, आणि ते त्यांनी प्रश्न म्हणून लिहिले असल्यामुळे त्याचा विचार करणे भाग पडले. देण्यांची वसुली करणाऱ्या एका कंपनीचा तगादा त्यांच्या नावे आला होता. कोणा इस्पितळाच्या तातडीच्या विभागात झालेल्या उपचारांची रक्कम थकली असून ती सत्वर भरावी, असा त्यातील मजकूर होता. आणि ज्या तारखेचे ते उपचार, त्या तारखेस हे गृहस्थ सांगलीस स्वतःच्या घरी होते. लेखी हरकत घ्यावी असा जावईबापूंचा आग्रह होता, पण स्नेह्यांचे मन कचरत होते. “मनुष्य जन्मतःच ऋणी, असे आयुष्यभर मुलांना शिकवले,” असे त्यांनी लिहिले होते, “मग ‘हे ऋण माझे नव्हे’ असे कागदावर लिहून देण्याचा अधिकार मला कोठून आला?”

प्रश्न साध्या माणसाचा असला तरी साधा नाही. त्याला हात घालण्यापूर्वी हा तगादा उत्पन्न कसा होतो ते पाहिले पाहिजे, कारण त्या देशात वैद्यकीय देणे हे एका विचित्र प्रवासाला निघते. इस्पितळाच्या वहीत ते असते तोवर त्याच्यामागे एक रोगी, एक वैद्य आणि एक रात्र उभी असते. विमा कंपनीने आपला वाटा दिला किंवा नाकारला, उरलेली बाकी थकली, की ती वसुलीसाठी परक्या कंपनीकडे जाते, आणि पुष्कळदा शेकडो देण्यांचा गठ्ठा करून दर्शनी रकमेच्या अल्पांशाला विकलीही जाते. या हस्तांतरात नाव, पत्ता आणि आकडा यांखेरीज फारसे काही पुढे सरकत नाही. नामसादृश्य, विमा कंपनीने चुकते केलेल्या रकमेची वहीत न झालेली नोंद, चोरलेली ओळख, यांपैकी कशानेही ती बाकी भलत्याच माणसाच्या दारी येऊन उभी राहते. ग्राहकांच्या आर्थिक हितरक्षणासाठी नेमलेल्या तेथील संघीय खात्याने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात नागरिकांच्या पतनोंदींवर ८८ अब्ज डॉलरांचे वैद्यकीय देणे नोंदलेले आढळले. कागद मूळ व्यवहारापासून तुटला की तो स्वतःच व्यवहार होऊन बसतो, हा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. १८७५ साली सुप्यापासून पेटलेल्या दंग्यांत कुणब्यांनी सावकारांच्या माड्यांपेक्षा त्यांच्या दप्तरांतील खतांवर राग काढला, आणि त्यानंतर १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने खताच्या मागे जाऊन मुळातील देवघेव तपासण्याचे काम न्यायाधीशावर सोपविले.

आता धर्माचा प्रश्न. तैत्तिरीय संहितेत सांगितलेली तीन ऋणे स्नेह्यांच्या मनात होती: ब्रह्मचर्याने ऋषींचे फेडावयाचे, यज्ञाने देवांचे, प्रजेने पितरांचे. या ऋणांना खत नाही, साक्षीदार नाही, मुदत नाही, तरी ती खरी आहेत, यात मला शंका नाही. पण ती खरी का, याचा विचार केला तर असे दिसते की प्रत्येक ठिकाणी धनको ठाऊक आहे, त्याच्याकडून आपणांस काय मिळाले ते ठाऊक आहे, आणि फेडीचा मार्गही नेमून दिलेला आहे. ऋषींकडून विद्या आली म्हणून ऋषिऋण; पितरांकडून देह आला म्हणून पितृऋण. जेथे काही घेतलेच नाही तेथे ऋण उत्पन्न होत नाही, मग ते मागणारा कितीही अधिकारवाणीने मागो. जन्मजात ऋणांची कल्पना मनुष्याला कृतज्ञ करण्यासाठी आहे. ज्याच्या हाती त्याचे नाव लागले त्या प्रत्येकापुढे त्याला मान तुकवायला लावण्यासाठी नाही.

राहिले मागल्या जन्मीचे देणे. कर्मसिद्धांताचा असा उपयोग करणाऱ्यांनी त्या सिद्धांताची मुख्य अटच दृष्टीआड केलेली असते. केलेले वाया जाऊ नये आणि न केलेले अंगावर येऊ नये, या दोन खांबांवर ती सारी इमारत उभी आहे. न केलेल्या कर्माचे फळ भोगावे लागणे याला आपल्या दार्शनिकांनी अकृताभ्यागम असे नाव दिले असून, एरवी परस्परांचे एकही मत धड मान्य न करणारे नैयायिक आणि जैन या एका बाबतीत एकमत आहेत की, ज्या मतावर हा दोष येतो ते मत टिकू शकत नाही. पूर्वजन्मीचे अदृष्ट हे भोगून झालेल्या फळावरून मागाहून अनुमानाने जाणावयाचे असते. ते दस्तऐवज म्हणून पुढे करण्याचा हक्क कोणा वसुलीदाराला नाही, आणि तो हक्क त्याला आपण होऊन बहाल करण्याचा अधिकार आपणांसही नाही. तसे नसते तर वाटमाऱ्याने मागितलेली थैलीही मागल्या जन्मीचे देणेच ठरली असती. तगादा दारी आला, त्याने चार रात्री झोप गेली, एवढे हवे तर प्रारब्ध म्हणावे. त्याला उत्तर काय द्यावयाचे हे मात्र क्रियमाण आहे, आणि ते सर्वस्वी आपल्या हाती आहे. टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त कर्मविपाकाच्या जोडीने आत्मस्वातंत्र्याचे विवेचन एकाच प्रकरणात केले, त्याचे कारणही हेच की, पहिल्याचा विचार दुसऱ्यावाचून केला तर मनुष्य निव्वळ दैवाधीन होतो.

उत्तर कसे द्यावे हाही प्रश्न आपल्या धर्मशास्त्राने उपेक्षिलेला नाही. व्यवहारपदांच्या चर्चेत प्रतिवादीच्या उत्तराचे चार प्रकार सांगितले आहेत: मागणी खरी असल्याची कबुली, ती खोटी असल्याचे मिथ्योत्तर, ‘घेतले होते, पण परत केले’ असे कारणोत्तर, आणि या वादाचा निकाल पूर्वीच लागला आहे असे प्राङ्न्यायोत्तर. यांत मला अत्यंत मोलाची वाटते ती पुराव्याच्या भाराची व्यवस्था. कारण सांगणाऱ्याने कारण सिद्ध करावे, पूर्वनिकाल सांगणाऱ्याने तो निकाल दाखवावा; परंतु जो निखळ इन्कार करतो त्याच्यावर भार नाही, तो वादीवर जातो. मी घेतले नाही याचा पुरावा मी कोठून आणावा? नसलेल्या गोष्टीचा दाखला कोणत्याही दप्तरात मिळत नाही, हे त्या शास्त्रकारांनी ओळखले होते. याज्ञवल्क्याने तर पुढे जाऊन दोन्ही बाजूंचा खोटेपणा तोलला आहे: खरे ऋण नाकारणाऱ्याने ते धन द्यावे आणि तेवढाच दंड राजाला भरावा, खोटी फिर्याद आणणाऱ्याने मात्र मागितलेल्या धनाच्या दुप्पट भरावे.

जावयांनी तगाद्याची जी प्रत मला पाठविली तिच्या तळाशी, कापून परत पाठवावयाच्या पट्टीवर, लहान लहान चौकोन छापलेले आहेत. एकापुढे ‘हे देणे माझे नाही’, दुसऱ्यापुढे ‘रक्कम चुकीची आहे’, तिसऱ्यापुढे ‘अन्य कारण’, आणि शेवटी ‘सोबत इतकी रक्कम पाठवीत आहे’. २०२१ च्या अखेरीपासून लागू झालेल्या नियमांतील हा नमुना आहे. याज्ञवल्क्यस्मृतीचा टीकाकार विज्ञानेश्वर याला ती पट्टी दाखविली असती तर ते चौकोन आपापल्या उत्तरात बसविण्यास त्याला क्षणाचाही विलंब लागला नसता. मूळ कायदा १९७७ चा. त्याअन्वये सूचना मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत लेखी हरकत घेतली तर देण्याची शहानिशा करून ती कळवीपर्यंत वसुली थांबवावी लागते. मुदतीत हरकत न घेतल्यास वसुलीदाराला ते देणे खरे धरून चालता येते, परंतु न्यायालयाने त्या मौनाला कबुली समजू नये असेही तो कायदा स्पष्ट सांगतो. मौन म्हणजे संमती ही आपली समजूत तेथे कायद्याने नाकारली याचा मला आनंद होतो. पण तेवढ्यावर विसंबून गप्प बसावे असे मात्र मी कोणालाही सांगणार नाही. असत्य विधान आपल्या नावावर उभे असता मुकाट राहणे म्हणजे त्याला आपल्या घरी वस्तीला ठेवणे होय.

याहून घातक तो शेवटचा चौकोन. ‘कटकट नको, पंचवीस डॉलर पाठवून मोकळे व्हा,’ हा सल्ला स्नेह्यांना आप्तांकडूनच मिळाला होता. काही राज्यांत अशा अल्प भरण्याने मुदतबाह्य होऊ घातलेल्या देण्याची कायदेशीर मुदत पुन्हा आरंभापासून सुरू होते, हा झाला व्यवहार. पण धर्मदृष्ट्याही असा भरणा कोठेच बसत नाही. तो ऋणफेड नव्हे, कारण ऋण नाही. आणि दानही नव्हे. देश, काल आणि पात्र पाहून, परतफेडीची अपेक्षा न धरता दिलेले ते सात्त्विक दान, असे गीतेच्या सतराव्या अध्यायात सांगितले आहे. भीतीने दिलेला पैसा त्या व्याख्येच्या उंबरठ्यावरही येत नाही. दुसऱ्याचे ऋण समजूनउमजून आपल्या शिरावर घेणे ही थोर गोष्ट आहे, यात वाद नाही. दोन माजी वसुलीदारांनी २०१४ साली स्थापन केलेली एक संस्था, जी आज ‘अनड्यू मेडिकल डेट’ या नावाने ओळखली जाते, देणग्यांच्या पैशातून अशा देण्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे विकत घेते आणि ते माफ करून टाकते. तुकोबांनी वडिलोपार्जित सावकारीतील आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत सोडली, पण धाकट्या बंधूंच्या वाट्याची त्यांच्या स्वाधीन केली, असे परंपरा सांगते. आपले काय आणि दुसऱ्याचे काय ही जाणीव त्या वैराग्याच्या क्षणीही सुटली नव्हती, हे मला त्या कथेतले मर्म वाटते.

स्नेह्यांनी अखेर पहिल्या चौकोनात खूण केली, सोबत पारपत्रावरील शिक्क्यांच्या प्रती जोडल्या आणि कागद नोंदणीकृत टपालाने रवाना केले. शहानिशेचे जे कागद आले त्यांत आडनाव तेच, आद्याक्षरेही तीच, पण जन्मतारीख निराळी होती. मनगटाचे क्ष-किरण चित्र, प्लास्टर आणि तातडीच्या विभागाचा आकार, अशा बाबी ओळीने मांडलेल्या होत्या. त्यावरून त्यांनी मला आणखी एक शंका लिहिली: माझ्या इन्काराने हे ओझे त्या दुसऱ्या, कदाचित आपल्यापैकीच असलेल्या, गृहस्थावर गेले, याचा दोष मला लागतो काय? मला तसे वाटत नाही. आपल्यापुरते ‘नाही’ म्हणण्यात दुसऱ्याकडे बोट दाखविणे येत नाही, आणि ते त्यांनी दाखविलेही नाही. आलेले कागद त्यांनी परत पाठविले. उलट त्यांनी ती रक्कम मुकाट्याने भरली असती तर त्या अपरिचिताचे उत्तर त्यांनीच परस्पर देऊन टाकल्यासारखे झाले असते. त्या बाकीतील काही भाग विमा कंपनीने द्यावयाचा होता काय, प्लास्टरचा आकार दोनदा लागला आहे काय, हे विचारण्याचा, म्हणजे त्या पट्टीवरील दुसऱ्या चौकोनात खूण करण्याचा अधिकार फक्त त्याचा आहे, कारण ते मनगट त्याचे होते.