खजिना कुणाचा, पहिली पाळी कुणाची?



आपल्यातील पुष्कळ नोकरदारांच्या पगारातून दरमहा दोनशे रुपये व्यवसाय कर कापला जातो; फेब्रुवारीत तीनशे. त्याबद्दल कुरकुर सगळेच करतात, त्याच्या जन्माची कथा मात्र क्वचितच कुणी विचारतो. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील लाखो शेतकरी-मजूर खडी फोडायला बसले होते. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून तेव्हा रोजगार हमी योजना उभी राहिली. काम मागणाऱ्याला काम देणे हे शासनाचे कर्तव्य ठरले. पैशासाठी १९७५ मध्ये कमावत्या वर्गावर हा कर बसवला गेला आणि जेवढा कर जमेल तेवढीच भर शासनाने घालावी असे ठरले. राज्य आधी श्रीमंत होऊ द्या, गरिबांचे मग पाहू, असे म्हणून ते थांबले नाहीत.

हिजरी सन १८ मध्ये अरबस्तानात भीषण दुष्काळ पडला. हजरत उमर (रजि.) यांनी शामच्या सुभेदारांकडून धान्य मागवले, पीडित भागातील जकातवसुली पुढे ढकलली आणि लोकांना मिळेपर्यंत स्वतः तूप वर्ज्य केले. तेलावर राहून त्यांचा वर्ण काळवंडला, असे इतिहासकार नोंदवतात. खजिना ही अमानत आहे, याचा अर्थ त्यांनी असा जगून दाखवला. संपत्ती केवळ धनिकांमध्येच फिरत राहू नये, हे तत्त्व तर सूरह हश्रच्या सातव्या आयतीतच आले आहे.

आता जगाकडे पाहा. श्रीमंत देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाचा ०.७ टक्का गरीब देशांना द्यावा, असा ठराव संयुक्त राष्ट्रांनी १९७० मध्ये केला. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क अशा मोजक्यांनीच तो पाळला. (जकात अडीच टक्के, तीही उत्पन्नावर नव्हे, शिलकीवर!) उलट २०२३ या एका वर्षात जगाचा लष्करी खर्च सुमारे २.४ लाख कोटी डॉलर झाला. संरक्षणाची सिद्धता कुरआनलाही मान्य आहे. तिला माझा विरोध नाही. प्रश्न क्रमाचा आहे. भुकेल्याची पाळी प्रत्येक वेळी शेवटीच का यावी?

हा प्रश्न आपल्या दारातही उभा आहे. नाशिकरोडला देशाच्या नोटा छापल्या जातात, ओझरला लढाऊ विमाने बनतात आणि याच जिल्ह्यातील पेठ-सुरगाण्याची कुटुंबे मजुरीसाठी दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत उतरतात. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याने मजुरी पंधरा दिवसांत देण्याचे बंधन घातले, तरी ती रखडल्याच्या तक्रारी देशभरातून येत राहिल्या. त्यासाठी शासनाला जाब विचारलाच पाहिजे. परंतु मजुराला त्याचा घाम सुकण्यापूर्वी मोबदला द्यावा, ही प्रेषितांची (स.) शिकवण ऐकलेले आपल्यातील काही ठेकेदार आणि बागाईतदारही हिशेब हंगामाअखेरवर ढकलतात. तोवर त्या कुटुंबाने पीठ कुणाच्या उधारीवर आणायचे?